लिनक्सवर विंडोजचे गेम: डीएक्सव्हीके, प्रोटॉन आणि जुनी ग्राफिक्स कार्डे

पंचगंगाकाठ

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार थांबला. आमच्या घरातला चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नसल्याने मी त्यावर लिनक्स मिंट 22 टाकले. ब्राउझर, छपाई, हिशेबाच्या फाइली हे सारे सुरळीत चालू आहे. प्रश्न फक्त गेमचा आहे. संगणकात एनव्हिडियाचे जीटी 730 कार्ड आणि 16 जीबी मेमरी आहे, आणि स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात जमवलेले गेम बहुतेक 2008 ते 2016 या काळातले आहेत. त्यांतले थोडे व्यवस्थित चालतात, बरेचसे काळा पडदा दाखवून थांबतात आणि काही तर काहीच न दाखवता बंद होतात. धाकट्या भावाच्या रायझन लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्डही नाही, तरी तिथे हेच गेम विनातक्रार चालतात.

जालावर शोधले तर कोणी प्रोटॉनची, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीममधल्या साधनाची, आवृत्ती बदलायला सांगतो, तर कोणी गेम सुरू करण्याच्या आज्ञेत पाचसहा पर्याय चिकटवायला. हे पर्याय नेमके कशावर परिणाम करतात हे कळल्याशिवाय हात लावू नये असे वाटते. विंडोजचा गेम आणि माझे कार्ड यांच्यामध्ये जे अनुवादक थर असतात ते काम कसे करतात, आणि माझ्याकडची अडचण त्यांपैकी कोणत्या थरात असावी, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

कंपायलरवाला

थर समजून घेऊन मग हात लावावा हे तुमचे म्हणणे पटले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गेम विंडोजसाठी बांधलेला असला तरी त्यातील प्रोसेसरच्या सूचना तुमच्या प्रोसेसरला थेट समजतात. तिथे अनुवादाची गरजच नसते. अनुवाद करावा लागतो तो गेमने विंडोजकडे केलेल्या मागण्यांचा. फाइल उघडणे, खिडकी दाखवणे, आवाज वाजवणे, कीबोर्ड वाचणे या मागण्या वाइन ही मुक्त प्रणाली पुरवते. वाइनचे काम 1993 मध्ये सुरू झाले आणि 1994 पासून अलेक्झांडर जुलियार्ड त्याची धुरा सांभाळत आहेत. चित्र काढण्याच्या मागण्या मात्र डायरेक्टथ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्स प्रणालीकडे जातात, आणि खरी अवघड वाट तिथून सुरू होते. वाइनचा स्वतःचा जुना मार्ग, ज्याला वाइनडीथ्रीडी म्हणतात, या मागण्या ओपनजीएल या खुल्या ग्राफिक्स प्रणालीत बदलतो. दोन्हींची घडण मुळात वेगळी असल्याने आणि ओपनजीएलमध्ये बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर (थ्रेडवर) अडकून पडत असल्याने या मार्गाने डायरेक्टथ्रीडी 11 चे जड गेम कधीच धड चालले नाहीत.

फेब्रुवारी 2016 मध्ये व्हल्कन या नव्या खुल्या ग्राफिक्स प्रणालीची 1.0 आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि चित्र पालटले. व्हल्कन कार्डाच्या इतके जवळून बोलते की त्याच्यावर दुसरी संपूर्ण ग्राफिक्स प्रणाली उभी करता येते. फिलिप रेबोले यांना नीअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यांनी 2017 मध्ये डायरेक्टथ्रीडी 11 च्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यांच्या कामाला पैसा पुरवला आणि 21 ऑगस्ट 2018 रोजी वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर दुरुस्त्या एकत्र बांधून प्रोटॉन या नावाने स्टीममध्ये आणले. जोशुआ ॲश्टन यांचे डायरेक्टथ्रीडी 9 साठीचे काम 2019 च्या अखेरीस डीएक्सव्हीकेमध्ये सामावले गेले आणि 2024 मध्ये इतरांनी केलेले डायरेक्टथ्रीडी 8 साठीचे कामही. डायरेक्टथ्रीडी 12 साठी मात्र वेगळा अनुवादक आहे. त्याचे नाव व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन. त्याचा पाया वाइन प्रकल्पात युझेफ कुचा यांनी घातला होता. 2019 मध्ये पोलंडमधील एका गुहेत झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पुढे प्रोटॉनसाठीची शाखा हान्स-क्रिस्टियन आर्न्ट्झेन यांनी वाढवली.

प्रत्यक्षात घडते ते असे. गेम डायरेक्टथ्रीडीची डीएलएल फाइल शोधतो, तेव्हा प्रोटॉन त्याच नावाची डीएक्सव्हीकेची फाइल त्याच्या हाती देते. गेमच्या मागण्या त्या फाइलमध्ये व्हल्कनच्या मागण्यांत बदलतात आणि तिथून लिनक्सच्या व्हल्कन ड्रायव्हरकडे जातात. गेमसोबत आलेले शेडर, म्हणजे प्रत्येक बिंदूचा रंग आणि आकृतीच्या प्रत्येक कोपऱ्याची जागा ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, डायरेक्टथ्रीडीच्या सांकेतिक रूपातून स्पर-व्ही या व्हल्कनच्या रूपात आणले जातात आणि मग ड्रायव्हर त्यांचे कार्डाच्या यंत्रभाषेत संकलन करतो.

माझे मत असे की आज हे अनुवादक स्वतः क्वचितच चुकतात. अडचण येते ती त्यांच्या खालच्या ड्रायव्हरमध्ये, किंवा त्यांच्या शेजारी बसलेल्या एखाद्या वेगळ्याच गोष्टीत. त्यामुळे आधी कार्डाची चौकशी करा. तुमचे जीटी 730 नेमके कोणते आहे?

जुनी_पेटी

वरचा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण जीटी 730 या एकाच नावाने निरनिराळी कार्डे विकली गेली. एकात फर्मी पिढीची जीएफ108 चिप असून तिच्यात 96 कुडा कोअर आहेत; दुसऱ्यात केप्लर पिढीची जीके208 चिप असून तिच्यात 384 कोअर आहेत. खोक्यावरून हा फरक सहसा कळत नाही आणि दुकानदारालाही तो ठाऊक असेलच असे नाही. मला वापरलेले कार्ड देणाऱ्याने केप्लर म्हणून फर्मी हाती ठेवले होते.

फर्मी असेल तर विषय संपला, कारण त्या पिढीसाठी एनव्हिडियाने व्हल्कन कधी दिलेच नाही. केप्लर असेल तर 470 मालिकेचा ड्रायव्हर चालतो, पण त्यात व्हल्कन 1.2 पर्यंतच मजल जाते. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके 2.0 पासून व्हल्कन 1.3 अनिवार्य आहे. म्हणजे आजचा कोणताही नवा प्रोटॉन केप्लर कार्ड पाहून त्याला बाजूला सारतो, आणि दुसरे कार्ड नसल्याने गेमला चित्र काढायला काहीच मिळत नाही.

तपासणी अशी करा. टर्मिनलमध्ये व्हल्कनइन्फो ही आज्ञा समरी या पर्यायासह चालवा. मिंटमध्ये ती व्हल्कन-टूल्स या पॅकेजमध्ये येते. उत्तरात कार्डाचे नाव, ड्रायव्हर आणि व्हल्कनची आवृत्ती दिसेल. कार्डाच्या नावाच्या जागी फक्त एलएलव्हीएमपाइप दिसले, तर संगणकाला व्हल्कन ड्रायव्हर सापडलेलाच नाही आणि चित्र प्रोसेसरकडून काढले जात आहे असे समजावे. त्या अवस्थेत गेम सुरू झालाच तर सेकंदाला दोनतीन फ्रेमही दिसणे कठीण. त्याचबरोबर स्टीमवर अडणाऱ्या एखाद्या गेमच्या सुरुवातीच्या पर्यायांत प्रोटॉन लॉगचा पर्याय घाला. गेम बंद झाल्यावर घरच्या फोल्डरमध्ये स्टीम आणि गेमचा क्रमांक अशा नावाची लॉग फाइल मिळेल.

पंचगंगाकाठ

कंपायलरवाला आणि जुनी_पेटी, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

कार्ड केप्लरचे निघाले. ड्रायव्हर 470 मालिकेचा आहे आणि व्हल्कनची आवृत्ती 1.2 दिसते. लॉग फाइल प्रचंड मोठी आहे, पण तिच्यात डीएक्सव्हीके हा शब्द शोधल्यावर नेमकी जागा सापडली: व्हल्कन 1.2 चे कार्ड वगळत आहे अशा अर्थाची एक ओळ, त्यात जीटी 730 चे नाव, आणि लगेच खाली एकही कार्ड सापडले नाही असे सांगणारी दुसरी. जे गेम चालत होते ते तपासले, तर त्यांतले काही मुळात लिनक्ससाठीच बांधलेले आहेत आणि उरलेले ओपनजीएल वापरणारे आहेत. म्हणजे त्यांचा डीएक्सव्हीकेशी संबंधच येत नव्हता.

आता हे कार्ड ठेवून काही करता येईल का?

जुनी_पेटी

करता येईल, पण मर्यादेत. डीएक्सव्हीकेची 1.10.3 ही आवृत्ती व्हल्कनच्या जुन्या आवृत्त्यांवर चालते आणि प्रोटॉन 7.0 मध्ये तीच आहे. स्टीममध्ये त्या गेमच्या गुणधर्मांत कंपॅटिबिलिटी या भागात जाऊन प्रोटॉन 7.0 सक्तीने निवडा. सगळ्या गेमना एकदम लावू नका. जे अडतात त्यांनाच लावा. स्टीमबाहेरच्या गेमसाठी लुट्रिस वापरत असाल, तर तिथे वाइनच्या मांडणीत डीएक्सव्हीकेची आवृत्ती थेट निवडता येते. डीएक्सव्हीके-सारेक या नावाची एक शाखाही आहे. ती 1.10 च्याच पायावर उभी राहून नंतरच्या दुरुस्त्या जुन्या कार्डांपर्यंत पोहोचवते आणि तिच्यासोबत प्रोटॉन-सारेकही मिळतो.

2008 ते 2016 मधले डायरेक्टथ्रीडी 9 आणि 11 चे गेम या वाटेने बहुधा सुरू होतील. पुढे मात्र कार्डाची ताकदच अपुरी पडेल. तो दोष अनुवादकाचा नाही. डायरेक्टथ्रीडी 12 चा विचार या कार्डावर करू नका.

अनेकांना पडणारा एक उपप्रश्न इथेच संपवतो. कार्ड काढून प्रोसेसरमधील इंटेलचे ग्राफिक्स वापरले तर? चौथ्या पिढीवर, म्हणजे हॅसवेलवर, मेसा या लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हर-संचातला व्हल्कन ड्रायव्हर सुरू होतानाच आधार अपूर्ण असल्याची सूचना देतो. तिथे प्रोटॉनला वाइनडीथ्रीडी वापरायला सांगून ओपनजीएलच्या वाटेने जाणे अधिक भरवशाचे, आणि तेही हलक्या गेमपुरते. सहाव्या पिढीपासून पुढे, म्हणजे स्कायलेकपासून, परिस्थिती पुष्कळ बरी आहे.

खर्च करायची तयारी असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्याकडच्या ओळखीच्या दुकानात वापरलेले आरएक्स 570 किंवा 580 पाहा. एएमडीच्या कार्डांसाठीचा राडव्ही हा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर या पिढीला उत्तम सांभाळतो आणि मिंटमध्ये तो मुळातच बसवलेला असतो. पण ही कार्डे बरीच वीज खातात, तेव्हा पॉवर सप्लायवरचे आकडे आणि जोडणीचे टोक आधी तपासा. नाण्यांच्या खाणकामात रात्रंदिवस राबलेली कार्डेही बाजारात फिरत आहेत, म्हणून दुकानातच अर्धा तास चालवून पंख्याचा आवाज आणि तापमान पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

म्यूनिकहून

धाग्याचा विषय जुन्या कार्डांकडे वळला आहे, पण माझा प्रश्न अनुवादकांविषयीच आहे म्हणून इथेच विचारतो. माझ्याकडे स्टीम डेक हे व्हॉल्व्हचे हातात धरायचे, लिनक्सवर चालणारे गेमयंत्र आहे आणि घरी आरएक्स 6700 एक्सटी असलेला संगणक. सरासरी फ्रेम उत्तम मिळतात. पण काही गेममध्ये नव्या जागी गेल्यावर किंवा पहिला स्फोट झाल्यावर क्षणभर चित्र गोठते, आणि दुसऱ्यांदा तसे होत नाही. जुन्या चर्चांमध्ये यावर डीएक्सव्हीके-असिंक नावाचा उपाय सुचवलेला दिसतो. तो आजही वापरावा का?

कंपायलरवाला

वापरू नये. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

डायरेक्टथ्रीडी 11 मध्ये गेम आपले शेडर सुटे सुटे तयार करतो. एक शेडर वस्तूचे कोपरे मांडतो, दुसरा रंग भरतो. पारदर्शकता कशी मिसळायची, खोली तपासायची की नाही, हे आणखी वेगळ्या मांडणीत सांगितले जाते. यांपैकी कोणते कोणासोबत वापरले जाणार हे गेम प्रत्यक्ष चित्र काढायच्या क्षणापर्यंत सांगत नाही. व्हल्कनला मात्र मूळ रचनेत हे सारे एकत्र बांधलेले हवे असते. त्या बांधलेल्या संचाला पाइपलाइन म्हणतात आणि तिचे संकलन झाल्याशिवाय चित्र काढता येत नाही. डीएक्सव्हीकेला जोडी कळायची ती नेमकी चित्र काढायच्या क्षणी. त्याच क्षणी संकलन सुरू व्हायचे, आणि ते दहावीस मिलिसेकंदांत आटोपले तरी साठ फ्रेमच्या गतीत एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळत असल्याने चित्र अडखळायचे. दुसऱ्यांदा ती पाइपलाइन तयारच असल्याने अडखळणे नाही. तुम्ही वर्णन केलेले लक्षण तंतोतंत हेच आहे.

असिंकची युक्ती अशी होती की पाइपलाइन तयार होईपर्यंत ती वस्तू काढायचीच नाही. चित्र थांबत नसे, पण एखादा माणूस, झाड किंवा धूर क्षणभर गायब असे आणि मग अचानक उगवे. काही गेममध्ये ती वस्तू नंतरही नीट दिसत नसे. ऑनलाइन गेममध्ये तर फसवणूक-रोधक प्रणालीला अशा बदललेल्या फाइलीचा संशय येण्याचा धोका वेगळाच.

2022 मध्ये व्हल्कनमध्ये ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी या नावाची जोड आली, आणि तिच्या घडणीत अशा अनुवादकांची गरज समोर होती. तिच्यामुळे पाइपलाइनचे भाग सुटे संकलित करून ठेवता येतात. गेमने शेडर तयार केला की डीएक्सव्हीके त्याचा भाग लगेच संकलित करतो. चित्र काढायच्या क्षणी फक्त भाग जोडायचे काम उरते आणि ते फार जलद होते. मग मागच्या मागे पूर्ण, अधिक कार्यक्षम पाइपलाइन बांधली जाते आणि तयार होताच जुनीच्या जागी बसवली जाते. डीएक्सव्हीके 2.0 पासून ही सोय आहे आणि राडव्हीमध्ये मेसा 23.1 पासून ती आपोआप चालू असते. तुमच्या दोन्ही यंत्रांवर ती आहेच.

तरीही गोठणे होत असेल तर दोन शक्यता उरतात. पहिली अशी की गेम स्वतःच शेडर आयत्या वेळी तयार करतो. तसे असेल तर विंडोजवरही तो अडखळतो आणि अनुवादकाला त्यात काही करता येत नाही. दुसरी अशी की गेम डायरेक्टथ्रीडी 12 चा आहे. तिथे पाइपलाइन आधी बांधण्याची जबाबदारी गेमवरच असते आणि पुष्कळ गेम ती नीट पार पाडत नाहीत.

अनुवादक असल्याचा फायदाही कधी कधी होतो. फेब्रुवारी 2022 मध्ये एल्डन रिंग प्रसिद्ध झाला तेव्हा विंडोजवर त्याच्या अडखळण्याची मोठी ओरड झाली होती. ठरावीक जागी हा गेम हजारोंच्या संख्येने आज्ञा-साठे आणि तत्सम गोष्टी निर्माण करत होता, आणि त्यामुळे मेमरीचे व्यवस्थापन कोलमडत होते. व्हॉल्व्हच्या मंडळींनी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉनमध्ये या वाटपांचा साठा अधिक आक्रमकपणे राखून ठेवला, आणि गेमच्या निर्मात्यांनी काही करण्याआधीच स्टीम डेकवर तो गेम विंडोजपेक्षा सुरळीत, धक्के न देता चालू लागला. मधला थर मुक्त असल्याने जे सुधारता आले ते मूळ डायरेक्टथ्रीडीत बाहेरच्या कोणाला सुधारता आले नसते.

टर्मिनलभक्त

वरच्या प्रतिसादाला जोड म्हणून स्टीमच्या त्या पट्टीविषयी लिहितो. गेम सुरू करताना व्हल्कन शेडरवर प्रक्रिया चालू असल्याची पट्टी येते आणि जुन्या प्रोसेसरवर ती लवकर हलत नाही. स्टीम इतर खेळाडूंच्या यंत्रांवर वापरल्या गेलेल्या पाइपलाइनची यादी उतरवून घेते आणि तिचे तुमच्या ड्रायव्हरवर आधीच संकलन करते. पाइपलाइन लायब्ररी चालू असलेल्या यंत्रावर ही पट्टी निर्धास्तपणे वगळावी. फार तर सुरुवातीला एखादा हलका धक्का बसेल. आमच्यासारख्या, महिन्याच्या शेवटी मोबाइलच्या डेटावर दिवस काढणाऱ्यांना तर ही उतरवणी नकोशीच वाटते.

पण ही सोय संपूर्ण बंद करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. काही गेममधले कथाभागाचे व्हिडिओ विंडोजच्या मीडिया फाउंडेशनवर अवलंबून असतात आणि त्यांची संकेतपद्धती परवान्यांच्या अडचणीमुळे प्रोटॉनमध्ये देता येत नाही. व्हॉल्व्ह असे व्हिडिओ मुक्त पद्धतीत बदलून याच शेडर-साठ्यासोबत पाठवते. साठा बंद असेल तर गेम उत्तम चालतो, पण कथाभागाच्या जागी दूरदर्शनच्या जुन्या चाचणीपट्ट्यांसारखे रंगीत उभे पट्टे दिसतात. ते दिसले की लोक ग्राफिक्स ड्रायव्हरला दोष देत बसतात. अशा वेळी साठा पुन्हा चालू करावा, किंवा जीई-प्रोटॉन ही समुदायाची आवृत्ती वापरून पाहावी. तिच्यात व्हिडिओसाठी अधिकच्या दुरुस्त्या असतात.

दर्यावर्दी

मडगावहून लिहितो. माझ्याकडे विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकात आहेत. जागा वाचावी म्हणून विंडोजमधील स्टीमचा फोल्डर, जो विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या विभागात आहे, तोच लिनक्समधून जोडला. गेम यादीत दिसतात, पण चालू करा म्हटले की बटण क्षणभर बदलून पुन्हा पूर्वपदावर येते. कार्ड नवे आहे, व्हल्कन 1.3 च्या पुढचे आहे. इथेही अनुवादक निर्दोष आहे असेच समजायचे का?

टर्मिनलभक्त

हो, तिथवर गाडी पोहोचतच नाही. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कॉम्पॅटडेटा या फोल्डरमध्ये विंडोजसारखी एक स्वतंत्र रचना उभी करते. तिच्यात सी आणि झेड या ड्राइव्हसाठी अपूर्णविरामासह दुवे असतात, आणि विंडोजच्या नियमानुसार अपूर्णविराम फाइलच्या नावात चालत नाही. एनटीएफएसवर हे दुवे एकतर तयारच होत नाहीत, किंवा झाले तरी नंतर विंडोजच्या डिस्क तपासणीला ते दोष वाटून ती त्यांना काढून टाकते. शिवाय विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तो विभाग अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतो आणि लिनक्स त्याला फक्त वाचण्यापुरता जोडते.

माझा सल्ला असा की गेम लिनक्सच्या ईएक्सटी4 पद्धतीच्या विभागात हलवावेत. पुन्हा उतरवून घेण्याची गरज नाही. स्टीमॲप्समधील कॉमन या फोल्डरातून गेमचा फोल्डर नव्या जागी त्याच नावाने कॉपी करा आणि मग स्टीममधून नव्या जागी इन्स्टॉल करायला सांगा. स्टीम असलेल्या फाइली तपासेल आणि कमी पडेल तेवढेच उतरवेल. साठ-सत्तर जीबीच्या गेमसाठी ही युक्ती फार मोलाची आहे. जागा अजिबातच नसेल तर निदान कॉम्पॅटडेटा फोल्डर लिनक्सच्या विभागात ठेवून एनटीएफएसवर त्याचा दुवा द्यावा. चालते, पण मला ते कधी आवडलेले नाही.

रात्रपाळी

धागा वाचून कोणी आज रात्रीच विंडोज पुसायला बसेल, म्हणून एक इशारा देतो. व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम लिनक्सवर चालत नाही. तो कोणत्याही अनुवादकाने चालणार नाही, कारण त्याची फसवणूक-रोधक प्रणाली विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसते आणि तिथे वाइनचा हात पोहोचत नाही. फोर्टनाइटही चालत नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या फसवणूक-रोधक प्रणालींनी 2021 मध्ये प्रोटॉनला आधार दिला, पण तो चालू करायचा की नाही हे प्रत्येक गेमच्या निर्मात्याच्या हातात आहे, आणि दिलेला आधार काढूनही घेता येतो. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. 31 ऑक्टोबर 2024 ला त्याच्या कंपनीने तो बंद केला. काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 यांच्या मात्र लिनक्सच्या स्वतंत्र आवृत्त्या आहेत.

मित्रांसोबत काय खेळता हे आधी पाहा. एकट्याने खेळायचे गेम असतील तर खुशाल या.

सह्यकडा

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. या साऱ्या अनुवादकांमुळे गेम बनवणाऱ्यांना लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती काढण्याचे कारणच उरलेले नाही. प्रोटॉनच्या आधी काही कंपन्या विंडोजचे मोठे गेम लिनक्सवर आणण्याचेच काम करत होत्या आणि ते गेम दर्जेदार असत. आज कोणीही म्हणते की प्रोटॉनवर चालतो, मग कशाला कष्ट घ्या. शिवाय ज्या डायरेक्टथ्रीडीपासून सुटका हवी होती तीच आता लिनक्सवरच्या गेमिंगचा पाया होऊन बसली आहे. मायक्रोसॉफ्टने उद्या काही बदलले तर आपण पुन्हा मागे धावायचे.

कंपायलरवाला

आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे आणि त्याचे वाईट मलाही वाटते. दुसऱ्या भागाशी मी सहमत नाही. डायरेक्टथ्रीडी 9 किंवा 11 मध्ये मायक्रोसॉफ्टला आता मनासारखे बदल करता येणार नाहीत, कारण तसे केल्यास विंडोजवरचे हजारो जुने गेम बंद पडतील. त्या प्रणाली गोठलेल्या आहेत, आणि गोठलेल्या गोष्टीचा अनुवाद एकदा नीट झाला की तो टिकतो. इतका टिकतो की जीटीए 4 सारख्या जुन्या गेमसाठी विंडोजवरचे खेळाडूसुद्धा डीएक्सव्हीकेच्या फाइली गेमच्या फोल्डरात टाकून खेळतात.

याउलट लिनक्सच्या स्वतंत्र आवृत्त्यांचे पाहा. ऑगस्ट 2022 मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची 2.36 ही आवृत्ती आली. तिच्या मूळ बांधणीतून डीटी-हॅश हा जुना तक्ता वगळला गेला, आणि त्यावर अवलंबून असलेले इझी अँटी-चीटचे गेम आर्चसारख्या लिनक्सच्या वितरणांवर एका रात्रीत बंद पडले. दहा वर्षांपूर्वीच्या लिनक्स आवृत्तीत काढलेले गेम आज सुरू करायला गेलात, तर हव्या त्या जुन्या लायब्ररी न मिळाल्याने अनेकदा निराशा पदरी येते. त्याच गेमची विंडोजची आवृत्ती प्रोटॉनमध्ये निवडली तर तो मुकाट चालतो. मी स्वतः काही गेमना हाच पर्याय सक्तीने लावला आहे, आणि लिनक्सचा जुना पाईक म्हणून असे करताना थोडे लाजल्यासारखे होते हेही सांगून टाकतो.

छोट्या स्टुडिओंचाही विचार करावा लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा गेम 2020 मध्ये आला. अनरिअल इंजिनवर बांधलेला, स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि विंडोज इतक्या ठिकाणी पोहोचवलेला. एवढ्या लहान चमूने त्यावर लिनक्सची आवृत्तीही काढावी, प्रत्येक वितरणावर तपासावी आणि पुढची दहा वर्षे सांभाळावी, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. त्यांनी विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर एकदा चालवून पाहावी आणि काही खटकले तर व्हिडिओ किंवा लाँचरमधली ती एखादी गोष्ट बदलावी, एवढे पुरे आहे.

सह्यकडा

जीलिबसीचा मुद्दा मान्य. तरी व्हल्कनवर थेट लिहिलेला गेम मिळाला तर माझे पैसे आधी तिकडे जातील.